दारात उभी राहिलेली मारिया

२ नोव्हेंबर १९९३ ची संध्याकाळ. उत्तर इटलीतील तुरीन शहरात थंडी पडू लागली होती. कॅथलिक लोक या दिवशी आपल्या घरच्या मृतांची आठवण करतात. आपल्याकडच्या सर्वपित्रीसारखाच तो दिवस. परदेशातून आलेल्या स्त्रियांसाठी कारितास संस्थेने चालवलेल्या केंद्रात सिस्टर युजेनिया बोनेत्ती दिवसभराचे काम आवरून मिस्सेला निघाल्या होत्या. तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. वय तिशीचे, नायजेरियाची, अंगात दुखणे. तीन मुले मायदेशी ठेवून आलेली. हाताशी एकही कागद नाही. पोट भरायला रात्री रस्त्यावर उभी राहत होती, हे सिस्टरांना पाहताच उमजले.

मिस्सेची वेळ टळत होती. सिस्टर घाईत होत्या. ती म्हणाली, मीही येते तुमच्याबरोबर. चर्चमध्ये ती मागच्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि रडू लागली. सिस्टर, मला मदत करा, एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पुढे वेदीपाशी प्रार्थना चालली होती आणि सिस्टरांच्या कानावर मागचे हुंदके येत होते. त्या रात्रीने आपले उरलेले आयुष्य बदलले, असे सिस्टरांनी पुढे जगभर फिरताना पुष्कळदा सांगितले. त्या बाईला त्या मारिया म्हणतात.

सिस्टर युजेनिया आफ्रिकेला अनोळखी नव्हत्या. १९३९ साली मिलानजवळच्या एका खेड्यात जन्मलेल्या, कोन्सोलाता संघात दाखल झालेल्या या बाईंनी आयुष्याची चोवीस वर्षे केनियात काढली होती. १९९१ साली वरिष्ठांच्या सांगण्यावरून इटलीला परतल्या, पण मन तिकडेच अडकलेले. केनियात त्यांनी आफ्रिकन बाई पाहिली ती शेतात राबणारी, डोक्यावर पाण्याचे भांडे घेऊन मैलभर चालणारी, आख्खे घर ओढणारी. आणि इथे तुरीनच्या रस्त्यांवर त्याच बायकांच्या मुली, ऐन थंडीत तोकड्या कपड्यांत, येणाऱ्या मोटारींची वाट पाहत उभ्या. दिवसा शहाजोगपणे नाके मुरडणाऱ्या शहरातल्याच मोटारी त्या.

या मुली तिथे येत कशा? ही वाट सर्वसाधारणपणे सुरू होते नायजेरियाच्या एडो राज्यातून, बेनिन सिटी या शहरातून आणि आसपासच्या गावांतून. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हा व्यापार वाढत गेला. ओळखीतलीच कुणी बाई घरी येते. इटलीत केस विंचरण्याच्या दुकानात काम आहे, मुले सांभाळायची आहेत, प्रवासखर्च आम्ही करू, नंतर फेड. घरात खाणारी तोंडे सात-आठ, मुलगी थोरली. आई-बापही हो म्हणतात. निघण्यापूर्वी तिला एका देवऋष्याकडे नेतात. तिच्या डोक्याचे केस, नखे घेतली जातात, शपथ घातली जाते. कर्ज पुरते फेडीन, पोलिसांना नाव सांगणार नाही, पळून जाणार नाही. शपथ मोडली तर वेड लागेल, घरातले माणूस मरेल. आपल्याकडे करणीच्या भीतीने शिकलीसवरलेली माणसेही कशी गार होतात हे ज्याने पाहिले असेल, त्याला या शपथेचा पगडा समजावून सांगायला नको.

इटलीत पाऊल ठेवल्यावर पासपोर्ट जातो ‘मादाम’कडे. ही मादाम म्हणजे आपल्या कामाठीपुऱ्यातली घरवाली. बहुतेक वेळा स्वतः एके काळी याच वाटेने आलेली. मग कर्जाचा आकडा कळतो. नव्वदीच्या दशकात तो काही कोटी लिरांचा असे, पुढे हजारो युरोंचा झाला. त्यात खोलीचे भाडे वेगळे, जेवण वेगळे, कपडे वेगळे; रस्त्याच्या ज्या कडेला उभे राहायचे त्या जागेचेही भाडे वेगळे! सावकाराच्या वहीतला आकडा कधी खाली येत नाही, ही गोष्ट आपल्या वेठबिगारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. आपल्याकडे ती पद्धत कायद्याने १९७६ साली बंद झाली. तीच वही युरोपातल्या श्रीमंत शहरांत बिनबोभाट चालू राहिली.

या मुलींना कुलपात ठेवावे लागत नाही. शपथेची भीती आहे, कर्ज आहे, भाषा येत नाही, हातात कागद नाही आणि तिकडे घरचे पैशांची वाट पाहताहेत. पोलिसांनी पकडले तर गुन्हेगार तीच, कारण बेकायदा आलेली. विमानात बसवून परत पाठवली की कर्ज तसेच डोक्यावर आणि दलाल पुन्हा दारात.

सिस्टर युजेनिया आणि त्यांच्यासारख्या अनेकींनी या गाठीचे एकेक टोक शोधायला सुरुवात केली. आधी रात्री रस्त्यावर जायचे. गरम चहा घेऊन, उपदेश न करता. चौकशी करायची ती प्रकृतीची, आईची. पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी हातात द्यायची. ती मुलगी आली तर चार महिन्यांनी येई, कित्येकदा येतच नसे. आली की तिला ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. इथे एक योगायोग कामी आला. इटलीत सिस्टर होणाऱ्या मुलींची संख्या घटत चालली होती, मठांतल्या खोल्या रिकाम्या पडत होत्या. त्या खोल्यांत या मुली आल्या. म्हाताऱ्या सिस्टरांनी आयुष्यभर शिस्तीत काढलेल्या घरात आता रात्री किंचाळून उठणाऱ्या, रागाने ताट भिरकावणाऱ्या, कधी पोटुशी असलेल्या मुली राहू लागल्या. सगळ्याच मठांना हे मानवले असेल असे समजण्याचे कारण नाही. तरीही २००० सालानंतर इटलीच्या सिस्टरांच्या संघटनेचा या कामाचा विभाग सिस्टर युजेनियांकडे आला, तेव्हा सुमारे अडीचशे सिस्टर आणि शंभराहून अधिक अशी लहान-मोठी घरे त्यात गुंतलेली होती.

नेपल्सजवळ काझेर्ता येथे १९९५ पासून सिस्टर रीता जारेत्ता आणि त्यांच्या उर्सुलाइन भगिनींनी ‘काझा रूत’ नावाचे असेच एक घर चालवले. बायबलमधली रूथ ही परमुलखात आलेली विधवा, तिचे नाव या घराला दिले. नुसता आसरा पुरत नाही, हे त्यांना लवकरच कळले. भाषा शिकली, तब्येत सुधारली, पुढे काय? हातात चार पैसे येईनात तर जुनी वाट जवळच असते. म्हणून २००४ साली शिवणकामाची सहकारी संस्था निघाली. आफ्रिकी छापाच्या रंगीत कापडाच्या पिशव्या, टेबलावरची कापडे, पाकिटे त्या शिवू लागल्या. शिवणयंत्रावर बसलेल्या बायका हे चित्र आपल्याकडच्या महिला मंडळाहून वेगळे नाही. फरक एवढाच की महिनाअखेरीस मिळणारा पगार ही त्यांच्यापैकी अनेकींच्या हातात पडलेली पहिलीच स्वतःची कमाई असे.

कायद्याचे टोकही हळूहळू सुटले. १९९८ साली इटलीने परदेशी लोकांविषयीच्या कायद्यात अठरावे कलम घातले. व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या व्यक्तीला सहा महिन्यांचा, पुढे वाढवून मिळणारा राहण्याचा परवाना यामुळे मिळू शकतो. पोलिसांत तक्रार दिलीच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही, हा त्या कलमाचा खरा मोठेपणा. जिची आई बेनिनमध्ये दलालाच्या शेजारी राहते, ती तक्रार देईल कशी? प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी अधिकारी तक्रारीवर अडून बसतात आणि मग सिस्टरांच्या कचेऱ्यांत खेपा सुरू होतात. नायजेरियाच्या वकिलातीतून नवा पासपोर्ट मिळवणे हेही असेच चिकाटीचे काम.

रोमच्या विमानतळाजवळ पोन्ते गालेरिया येथे बेकायदा परदेशी लोकांना परत पाठवण्यापूर्वी ठेवतात. २००३ पासून दर शनिवारी सिस्टरांचा एक गट तिथल्या बायकांच्या विभागात जाऊ लागला. गटात वेगवेगळ्या देशांच्या सिस्टर घ्यायच्या, म्हणजे आत कुणीही भेटली तरी तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारे कुणी तरी निघते. सुटका करणे त्यांच्या हाती नसते. उंच लोखंडी गजांमागे दोन तास बसून ऐकायचे आणि परत यायचे. मोजदादीत बसणारे हे काम नव्हे.

दुसऱ्या टोकाला, नायजेरियात, तिथल्या सिस्टरांनी १९९९ साली आपली समिती काढली. परत पाठवलेल्या मुलींसाठी बेनिन सिटीत घर उभे केले आणि शाळा-शाळांतून, चर्चमधून मुलींच्या आयांना सावध करणे सुरू झाले. आणि ज्या शपथेपुढे पोलीस, कायदा, डॉक्टर सगळे थिटे पडत, ती शपथ मार्च २०१८ मध्ये एका राजवाड्यात सुटली. बेनिनचे ओबा, म्हणजे परंपरागत राजे, दुसरे एवुआरे यांनी देवऋष्यांना बोलावून जाहीर केले की मुलींवर घातलेल्या साऱ्या शपथा रद्द झाल्या आणि यापुढे शाप लागेल तो व्यापार करणाऱ्यांना. काट्याने काटा काढावा तसाच हा प्रकार. सुधारकांना तो कदाचित रुचणार नाही, पण आईच्या मरणाच्या भीतीने गप्प बसलेल्या मुलीला विवेकवादाच्या व्याख्यानापेक्षा त्याचा आधार नक्कीच मोठा.

या सिस्टर एक तारीख विशेष मानतात, ८ फेब्रुवारी. २०१५ पासून कॅथलिक चर्च हा दिवस मानवी व्यापाराविरुद्धच्या प्रार्थनेचा आणि जागृतीचा म्हणून पाळते. १९४७ साली याच तारखेला इटलीतल्या स्कियो या गावी एक काळी सिस्टर वारली. तिची हकिकत मुळातून सांगण्याजोगी आहे.

सुदानच्या पश्चिमेला दारफूर प्रांतात १८६९ च्या सुमारास ती जन्मली. वडिलांचे घर सुखवस्तू, चुलता गावचा मुखिया. भावंडे पुष्कळ. गुलाम पकडणाऱ्यांनी आधी थोरली बहीण पळवली. काही वर्षांनी, ही सात-आठ वर्षांची असताना, शेतापाशी दोन अनोळखी माणसे आली. रानात आमचे गाठोडे राहिले आहे, तेवढे आणून दे, म्हणाली. पोर आज्ञाधारक, गेली. झाडांआड गेल्यावर सुरा दिसला. नाव काय, असे दरडावून विचारले तेव्हा भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्यांनीच तिला नाव दिले, बखिता. अरबीत याचा अर्थ भाग्यवान! आपले खरे नाव तिला पुढे कधीच आठवले नाही.

शेकडो मैल अनवाणी चालवून तिला अल ओबेद या शहरात नेले. वाटेतच दोनदा विक्री झाली. एका रात्री दुसऱ्या एका मुलीबरोबर ती पळाली, तर ज्याने आसरा दिला त्यानेच मेंढ्यांच्या कोंडवाड्यात बांधून पुन्हा विकले. एका घरी मालकाच्या मुलाची मर्जी खप्पा झाली म्हणून इतकी मारली की महिनाभर उठता आले नाही. पुढे एका तुर्की सेनापतीच्या घरात मालकिणीच्या हौसेखातर तिच्या अंगावर गोंदण काढले गेले. हे गोंदण आपल्या आजीच्या हातावरच्या तुळशी वृंदावनासारखे नव्हे. पिठाने नक्षी आखायची, त्यावर पात्याने चिरायचे आणि जखमेत मीठ भरायचे, म्हणजे व्रण कायम राहतो. असे ११४ व्रण.

१८८३ साली खार्टूममध्ये इटलीचे उपवकील कालिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. या घरात पहिल्यांदाच कुणी मारले नाही. १८८५ मध्ये महदीच्या बंडामुळे लेन्यानी इटलीला निघाले तेव्हा तिने हट्ट धरून त्यांच्याबरोबर जाणे मिळवले. जेनोआ बंदरात उतरल्यावर त्यांनी ती देऊन टाकली मिकिएली नावाच्या ओळखीच्या कुटुंबाला. भेट म्हणून!

मिकिएलींचे घर व्हेनिसजवळच्या झियानिगो गावात होते. तिथे बाळ जन्मले, मिम्मिना तिचे लाडके नाव, आणि बखिता तिची दाई झाली. मालकीण तुरीना बाई दुष्ट नव्हत्या. चांगले खाऊ घालत, चांगले वागवत. ती आमच्या घरचीच, अशीच त्यांची भावना. १८८८ साली नवऱ्याने तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदरात हॉटेल घेतले. त्या व्यवस्थेसाठी तुरीना बाई तिकडे निघाल्या आणि मिम्मिना व बखिता यांना व्हेनिसच्या कनोसियन सिस्टरांकडे ठेवून गेल्या. नऊ-दहा महिन्यांनी न्यायला आल्या तेव्हा बखिता नाही म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. बाईंना ते समजेचना. एवढे केले, पोटच्या पोरीसारखी सांभाळली, आणि ही कृतघ्न! बखिता रडत होती, कारण मिम्मिनावर तिचा खरोखर जीव होता. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. प्रकरण हातघाईवर आले. अशा वेळी मठाने काय करावे? मालकीण मानाची, मुलगी परकी, काळी, भाषाही धड न येणारी. निमूटपणे तिला बाईंच्या हवाली करणे सोपे होते. सिस्टरांनी तसे न करता राजाच्या सरकारी वकिलाकडे दाद मागितली. व्हेनिसचे कार्डिनल, बाई, सिस्टर आणि बखिता समोरासमोर आल्या. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल मिळाला. इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्यच नाही, त्यामुळे ही मुलगी कुणाची मालमत्ता कधीच नव्हती. कुठे राहायचे ते तिने ठरवावे. इतकी वर्षे इटलीच्या भूमीवर ती कायद्याने मोकळीच होती, फक्त हे तिला कुणी सांगितले नव्हते.

ती मठातच राहिली. १८९० च्या जानेवारीत बाप्तिस्मा घेतला, १८९६ साली कनोसियन सिस्टर झाली. मुंबईत माहीम-अंधेरीच्या कनोसा शाळांत शिकलेल्या मुलींना या संघाचे नाव परके नाही. तोच हा संघ. १९०२ पासून ती स्कियोला होती. स्वयंपाक केला, भरतकाम केले, चर्चमधली वस्त्रे सांभाळली आणि मग वर्षानुवर्षे मठाचे दार सांभाळले. कुणी दार ठोठावले की पहिल्यांदा हिचा हात शाळेत आलेल्या पोरांच्या डोक्यावर पडायचा. गावकरी तिला प्रेमाने सावळी मदर म्हणत. मरणाच्या गुंगीत मात्र ती शुश्रूषा करणारीला विनवत राहिली, साखळ्या सैल करा, फार जड आहेत. साठ वर्षे उलटली तरी त्या पायांतून पुरत्या गेल्या नव्हत्या. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संतपद दिले.

सिस्टर म्हटले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो, यात धर्मांतराचा भाग किती? बखिताने धर्म स्वीकारला, ते लपवण्याचे कारण नाही. मात्र ती तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिने तो मागून घेतला. एडोतून येणाऱ्या बहुतेक मुली आधीपासूनच ख्रिस्ती असतात. २००९ साली रोममध्ये जगभरच्या सिस्टरांच्या प्रमुखांनी ‘तालिथा कूम’ नावाचे जाळे उभारले. येशूच्या बोलीत याचा अर्थ, मुली, ऊठ. आज ते नव्वदहून अधिक देशांत पसरले आहे, भारतातही त्याची शाखा आहे, आणि अनेक देशांत इतर धर्मीयांबरोबर हातात हात घालून काम चालते. शंका घेणाऱ्यांनी घ्यावी, पण रस्त्यावरच्या मुलीला चहा देताना तिचा धर्म विचारला गेला का, एवढे पाहून घ्यावे.

बखिताच्या गोष्टीतल्या तुरीना बाई मात्र मनातून जात नाहीत. ‘आमच्या घरचीच आहे हो ती!’ हे वाक्य आपल्या फ्लॅटच्या जिन्यात किती वेळा ऐकू येते! झारखंडच्या किंवा ओडिशाच्या गावातून ‘एजंट’ने आणलेली बारा-तेरा वर्षांची पोर. जेवण मिळते, जुने कपडे मिळतात, टीव्ही पाहायला मिळतो. पगार एजंटकडे. गावाला जायचे नाव काढले की बाईसाहेब दुखावतात.

याच घरांच्या मागच्या दाराशी सिस्टर जीन देवोस १९८५ पासून मुंबईत पोहोचल्या. मूळच्या बेल्जियमच्या, १९६३ साली भारतात आलेल्या या सिस्टरांनी घरकामगार बायकांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. सुरुवात होती बायकांना एकत्र बसवण्याची. सुटीच कुणाला नाही तिथे सभा भरवायची केव्हा, इथपासून अडचणी. पहिली मागणी आठवड्यातून एक सुटीचा दिवस, तीही लोकांना उद्धटपणाची वाटली! दुसरी मागणी, आम्हाला कामगार म्हणा. त्याला फार वर्षे लागली. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणे हा गुन्हा झाला. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या विधेयकातून घरकामगारांना आधी चक्क वगळले होते. ओरड झाल्यावर २०१३ च्या कायद्यात त्यांना स्थान मिळाले. जून २०११ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्या वेळी बाजूने मत दिले, पण त्या कराराला बांधून घेणारी मान्यता अजून दिलेली नाही.

शेजारच्या घरात अशी लहान पोर दिसली तर १०९८ हा क्रमांक फुकट लागतो. फोन करणाऱ्याला नाव सांगावेच लागते असे नाही.